वांग्याच्या वाफ्याला वळसा

बरोबर बारा वाजून दहा मिनिटांनी वाचनालयाच्या इमारतीतले सव्वीस संगणक एकदम मिटले आणि दीपाच्या वर्गातून ‘गेलं…’ असा लांबलचक सुस्कारा निघाला.

दीपाला ते क्षणभर आधीच कळलं होतं. डोक्यावरच्या पंख्याचा सूर चढला होता, कळेल न कळेल इतकाच, जसा तापात लेकराचा श्वास चढतो तसा. ही तिची लहानपणापासूनची खोड. घरात काय वाजतंय आणि काय वाजायचं थांबलंय, याकडे सतत कान. महागावला आई म्हणायची, या पोरीचं निम्मं आयुष्य कान देण्यातच जाणार. त्याच कानांच्या जोरावर ती आता पुसदबाहेरच्या टेकडीवरल्या तंत्रनिकेतनात, विद्युत विभागात, कंत्राटी का होईना पण अधिव्याख्याता झाली होती.

सलग चौथा दिवस होता हा. तिने मुलांना वह्या काढायला लावल्या, ओढणी कमरेला खोचली आणि मीटर उचलून जिना उतरली.

पॅनल रूमचं दार सताड उघडं. आत एक तरुण उलट्या बादलीवर बसला होता. मांडीवर डबा, हातात भाकरीचा तुकडा, आणि नजर पॅनलवरच्या लाल आकड्यांवर… इतकी खिळलेली, की दारात कोणी आलंय याचा पत्ताच नाही.

“लाईन तुम्ही घालवली का?” दीपाने विचारलं.

त्याचा घास अडकला. “नाही हो मॅडम… मी कायले कोणाची लाईन…” आणि तिथेच त्याने जीभ चावली.

इकडे विजेला लाईनच म्हणतात. ती येते, जाते, कधी दोन-दोन दिवस तोंड दाखवत नाही. पोरं पोरींवर मारतात तीही लाईनच. बिचाऱ्याने नेमकी नको ती ऐकली. त्याच्या कानांच्या पाळ्या टोमॅटोसारख्या झाल्या. दीपाने चेहरा सरळ ठेवला, पण त्यासाठी तिला गाल आतून चावावा लागला.

त्याचं नाव इंद्रजित. ढाणकीचा. वाचनालयाच्या आणि कार्यशाळेच्या छपरांवर सप्टेंबरात ज्या सोलर प्लेटा बसल्या, त्या बसवणाऱ्या नागपूरच्या कंपनीचा इंजिनिअर. प्लेटा बसल्या, फीत कापली गेली, पेढे वाटले गेले, आणि ऑक्टोबर लागताच हे दुखणं सुरू झालं. भर दुपारी, ऊन कडक असताना, दिवे मिचमिचायचे आणि संगणक मान टाकायचे. कॉलेजातला प्रत्येक जण प्लेटांना शिव्या देत होता. हा पठ्ठ्या मात्र रोज बाराच्या आत पॅनलसमोर येऊन बसत होता.

“चार दिवसांपासून जेवन याच्यासमोरच करून राह्यलो,” तो डबा झाकत म्हणाला. “एवढं तं मायच्या समोर बसूनही नसन जेवलो.”

“मग काय म्हणतंय पॅनल?”

“दोनशे चोपन्न म्हणते… आणि मंग काहीच नाही म्हणत.”

दीपा हसली नाही. मीटरचे चिमटे लावायच्या निमित्ताने ती पाठमोरी झाली, इतकंच.

---

त्याच आठवड्यात संस्थेचे सचिव रामसिंगजी यांनी तिला बोलावून घेतलं. ढग दाटल्यासारखा गंभीर चेहरा आणि बोलणं मोजकं. विजेचा दर्जा मोजायचं चांगलं यंत्र विभागात एकच होतं आणि त्याचं जाडजूड पुस्तक आख्ख्या विभागात एकट्या दीपाने वाचलेलं होतं. तेव्हा मोजमाप तिनेच करायचं. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी बैठक. मले दोन ओळीत सांगा, ते म्हणाले, प्लेटा ठेवाच्या का काढाच्या.

म्हणजे इंद्रजितने काय बांधलंय ते टिकणार की उतरणार, हे दीपाच्या कागदावर ठरणार होतं. तिला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बाराला पाच कमी असताना ती पॅनल रूमच्या दारात हजर होती, आणि आत एकाऐवजी दोन बादल्या उलट्या घातलेल्या होत्या. एकीवर धुतलेलं फडकं अंथरलेलं.

अशा रीतीने त्यांच्या दुपारी सुरू झाल्या. दर पाच मिनिटांनी आकडे उतरवायचे. ती सांगायची, तो लिहायचा. त्याचं अक्षर भयंकर होतं. तिने तसं सांगितलं तेव्हा तो म्हणाला की शाळेत गुरुजींनीही हेच सांगितलं होतं, पण त्यांनी इतक्या जवळून पाहून सांगितलं नव्हतं. दीपाने लगेच बादली वीतभर मागे सरकवली. पण वीतभरच…

मेसच्या भागीरथाबाई तीनला चहा घेऊन यायच्या आणि दाराशी टेकायच्या. हे रोज रोज काय मोजता, त्यांनी एकदा विचारलं. दीपाने समजावलं की वीज म्हणजे भातासारखी, तिच्यात बारीक खडे असतात, यंत्रं बिघडवतात, ते किती आहेत ते मोजतोय. भागीरथाबाईंनी विचारलं, मंग हायेत का? आहेत, पण कमी. दातांखाली येण्याइतके नाहीत. म्हणजे दोष खड्यांचा नव्हता. व्होल्टेज मात्र दुपारी चढत होतं, आणि ते दोनशे त्रेपन्नच्या वर गेलं की प्लेटांचे इन्व्हर्टर जीव वाचवायला एकदम बंद पडत. मग व्होल्टेज धपकन खाली येई, दिवे मिचमिचत, आणि संगणकांचे म्हातारे यूपीएस त्या धक्क्याने आडवे होत.

हे सगळं कळलं. पण काही दिवशी दहा वेळा आणि काही दिवशी एकदाही नाही, असं का?

“ढग,” इंद्रजित म्हणायचा.

“ढग नव्हते मंगळवारी.”

“तुम्ही नव्हत्या मंगळवारी. आभाय पाहून कोण राह्यलं होतं?”

“आकडे पाहायला होतात ना तुम्ही.”

“आकडेच पाहून राह्यलो होतो. म्हणून तं सांगतो, दिवस लंबा होता.”

दीपाने वहीत मान घातली. पंख्याचा सूर ठीक होता, पॅनल शांत होतं, बाहेर कडुनिंबावर एक भारद्वाज हूप-हूप करत होता… आणि आपल्याच छातीत काहीतरी दोनशे त्रेपन्नच्या वर चाललंय, हे मोजायला तिच्याकडे यंत्र नव्हतं.

---

दिवाळीनंतरच्या सोमवारी त्याने एक दिवसाची रजा सांगितली. घरी सीतादही आहे, म्हणाला. कापसाची पहिली वेचणी लागायच्या आधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा. घरातल्या थोरल्या मुलाने हजर राहायचं, असा त्याच्या आईचा हुकूम.

दीपा तासाला गेली तर पन्नासातली एकोणीस मुलं. बाकीची कुठे? सगळ्यांचं उत्तर एक. वेचणीले गेले, मॅडम. मजूर भेटत नाही, घरच्यांनी बोलावलं. कार्यशाळेत डोकावली तर लेथ झाकलेले. मुलांच्या वसतिगृहातले पंखे बंद, मेसमध्ये निम्म्या ताटल्या.

आणि त्या दुपारी इन्व्हर्टर अकरा वेळा पडले.

अकराव्या वेळी ती उठली ती थेट कार्यालयात गेली आणि महिनाभराची हजेरीपत्रकं काखोटीला मारून आली. एका बाजूला हजेरी, दुसऱ्या बाजूला आकडे. ज्या दिवशी वर्ग रिकामे, त्या दिवशी वीज बेजार. वर ऊन ओततंय आणि खाली खर्चायला कोणी नाही. नळ बंद असलेल्या टाकीत पाणी चढावं तसं व्होल्टेज चढत होतं. प्लेटांनी आपलं काम चोख केलं होतं. कापूस फुटला होता, इतकंच.

मंगळवारी इंद्रजित आला तेव्हा तिने त्याला बसूही दिलं नाही. हजेरीपत्रक पुढे सरकवलं. तो वाचत गेला आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला, ढग सरकताना रान उजळतं तसा.

“म्हणजे माह्या प्लेटा चांगल्या हायेत,” तो म्हणाला.

“प्लेटा चांगल्या आहेत. वेळ चुकतेय. दुपारी काहीतरी मोठं चालायला हवं.”

मोठं असं एकच होतं. वाचनालयामागच्या विहिरीवरचा पंप. पण तो होता पुंडलिकरावांच्या ताब्यात, आणि पुंडलिकराव वीस वर्षं पहाटे साडेपाचला पंप लावत आले होते. दुपारी पाणी चढवलं तर पाणी कोमट होईल आणि पोरी भांडतील, असं त्यांचं म्हणणं. थंडीत कोमट पाण्यावरून भांडणारी पोरगी मला दाखवा, दीपा म्हणाली. मग त्यांचा खरा मुद्दा बाहेर आला. दुपारी बारा ते दोन ते पंपघरात पडायचे. इंद्रजितने त्यांना पंप सुरू असतानाही पडता येतं, हे पटवून द्यायला तीन चहा पाजले.

पंप लागला तेव्हा दोघं पॅनलसमोर श्वास धरून उभे होते. दोनशे बावन्न… एक्कावन्न… शेहेचाळीस. आणि तिथेच ठरलं. दीपाने आनंदाने टाळी द्यायला हात वर केला, इंद्रजितनेही केला, आणि दोन्ही हात मध्येच, हवेत, अडले. अधिव्याख्याता आणि ठेकेदाराचा माणूस. दार उघडं. दोघांनी आपापले हात असे काही खाली घेतले, की जणू डास मारायला उचलले होते.

---

नोव्हेंबरच्या मध्याला तो पुन्हा घरी जाऊन आला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने डबा उघडला नाही. खिशातून रुमाल काढला. रुमालात एक बोंड होतं. हिरवं, टपोरं, पाहत राहावं असं. त्याने ते नखाने फोडलं. आत कापूस पिवळा पडलेला आणि मधोमध एक गुलाबी अळी, निवांत.

त्या वर्षी जिल्हाभर हेच चाललं होतं. दोन वेचण्यांतच रानं संपली. मुलंही लवकर परत यायला लागली होती, आणि विभागात लोक म्हणत होते की बघा, वीज आपोआप सुधारली. दीपाला मात्र ते बोंड बघून कळलं, की वीज कशाने सुधारतेय.

“वरून पाह्यलं तं काहीच समजत नाही,” तो म्हणाला. मग नेहमीच्या सुरात बोलायचा प्रयत्न केला. “माय म्हणते, यंदा आपल्या घरचं पीक म्हणजे तुही नोकरी. तिले चांगली राख.”

त्याने ते हसत सांगितलं. दीपाला हसता आलं नाही. शनिवार बारा दिवसांवर होता.

राहिलं होतं एकच मोजमाप. इन्व्हर्टर होते वाचनालयाच्या गच्चीवर, मुख्य पॅनल खाली मैदानापलीकडे. दोन्हीकडचं व्होल्टेज एकाच क्षणी वाचायचं. ती गच्चीवर गेली, तो मुख्य पॅनलपाशी, आणि फोनवर आकडे. तो म्हणाला दोनशे त्रेचाळीस. तिच्यासमोर होते दोनशे बावन्न. पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. मधल्या केबलमध्ये नऊ व्होल्टचा फरक पडत होता. कंपनीच्या नकाशात हिशेब सहाचा होता.

तिने फोन बंद केला. खाली उतरली आणि केबल जिथून पुरली होती तो मातीचा व्रण धरून चालायला लागली. त्यावर अजून गवत धरलं नव्हतं. नकाशात ती रेघ सरळ होती, ऐंशी मीटर. जमिनीवर मात्र मेसच्या मागे येताच व्रण वळला. वांग्यांचा वाफा, मग मिरच्या, मग संभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, हिरवंगार चौकोनी आळं, भांडी घासायचा ओटा… सगळ्याला मोठा वळसा घालून तो पुन्हा वाटेला लागला. तिने पावलं मोजली. चाळीस मीटर जास्त. आणि केबल तीच, ऐंशी मीटरच्या मापाची.

भागीरथाबाई वांगी तोडत होत्या. दीपाला बघून त्यांनी मूठभर संभार उपटून तिच्या हातात कोंबला आणि आपणहून सांगायला लागल्या. मशीन आणलं होतं खोदाले. सरळ माह्या वाफ्यावर. मी म्हटलं, बाबू, वसतिगृहातल्या पोरी हेच खातात, बाजारात भाजी कुठं परवडते. त्यानं वाफ्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, आन् मशीनवाल्याले म्हणे, नाली वाकडी घे. लय गुणाचं पोरगं हाये, बाई. माह्या वांग्यासाठी नाली वाकडी केली त्यानं.

दीपा हातात संभार घेऊन उभी राहिली. इतक्या गोड चुकीला काय म्हणावं, ते तिला सुचेना. कागदावर मात्र तिला एकच नाव होतं, आणि ते तिला माहीत होतं.

---

तिने त्याला पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर गाठलं. सगळं सांगितलं. नऊ व्होल्ट, चाळीस मीटर, वाफा. वाकवलीच होती तर केबल जाड टाकायला हवी होती, किंवा निदान नकाशावर लिहायला हवं होतं.

तो खाली, मैदानाकडे बघत राहिला. चूक त्याने ऐकताक्षणी ओळखली होती. असं कसं सुटलं, असं तो स्वतःशीच पुटपुटला. त्या दिवशी मशीन तासावर होतं, घाई होती, मग राहून गेलं…

“लिहा तुम्ही,” तो म्हणाला.

“तुमची नोकरी…”

“लिहा.”

“असं कसं लिहा?” दीपाचा आवाज चढला, आणि कॉलेजात इतके दिवस जपून ठेवलेली तिची पुस्तकी भाषा एका झटक्यात गळून पडली. “मले रातभर झोप नाही येणार. तुमची माय तिकडं वाट पाहून राह्यली, आन् मी इथं बसून तुमच्या नावावर फुली मारू? आन् नाही लिहिलं तं सगळे म्हणतीन, पॅनल रूममध्ये दोघं बसत होते, म्हणून हिनं झाकलं. मंग माह्या बाकीच्या आकड्यांवर तरी कोण विश्वास ठेवीन? तुमच्या प्लेटा त्याच्यानंच उतरतीन.”

इंद्रजित तिच्याकडे बघतच राहिला. ती चिडलीय हे त्याला दिसत होतं. पण त्याला ऐकू आलं होतं ते वेगळंच.

“हे ‘मले’ इतके दिवस कुठं लपवून ठेवलं होतं?” त्याने हळूच विचारलं.

दीपा उठून उभी राहिली. डोळे भरून आले होते, म्हणून आवाज आणखी कडक केला. बैठकीपर्यंत पॅनल रूममध्ये यायचं नाही. मी दुपारी येईन. तुम्ही सकाळी येऊन नोंदी करा. समोरासमोर यायचं नाही.

“बरं,” तो म्हणाला. “पण एक सांगू? तुम्ही नाही लिहिलं… तं मंग मले तुमच्या डोयात पाहून बोलता येणार नाही. नोकरी दुसरी पाहता येते.”

---

सहा दिवस ती एकटी एका बादलीवर बसली. दुसरी तिने मुद्दाम कोपऱ्यात सरकवून ठेवली होती, पण नजर तिकडे जायचीच.

नोंदवहीत शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना असतो. पहिल्या दिवशी सकाळच्या नोंदीपुढे त्याच्या भयंकर अक्षरात लिहिलेलं होतं : ढग नाही. दुसऱ्या दिवशी : ढग नाही, तरी अंधारलं. तिने सही केली. तिसऱ्या दिवशी : चहा घेतला, साखर कमी होती, कारण समजलं नाही. तिने सही केली, पण पेन जरा जास्त वेळ कागदावर राहिलं. चौथ्या दिवशी त्याने लिहिलं होतं : पुंडलिकराव विचारतात, तुमचं भांडण झालं का. काय सांगू?

दीपाने इकडे तिकडे बघितलं. मग खाली लिहिलं : अक्षर सुधारा.

पाचव्या दिवशीच्या नोंदी शाळेतल्या कित्त्यासारख्या गिरवून काढलेल्या होत्या. प्रत्येक वेलांटी जागेवर. तिने वही छातीशी धरली, आणि लगेच, कोणी पाहिलं नाही ना याची खात्री करून, टेबलावर ठेवली. वर पंख्याचा सूर अगदी सरळ होता. तो बिघडला असता तरी त्या दिवशी तिच्या कानांना कळलं नसतं.

---

शनिवारी बैठकीला रामसिंगजी, प्राचार्य, विभागप्रमुख आणि नागपूरहून आलेले कंपनीचे एक साहेब. इंद्रजित मागच्या खुर्चीवर. दीपाने त्याच्याकडे न बघता वाचायला सुरुवात केली. प्लेटांमुळे दुपारी व्होल्टेज चढतं, हे खरं. विजेतले खडे मात्र मर्यादेत आहेत. मुलं वेचणीला जातात किंवा सुट्टी असते तेव्हा त्रास वाढतो. पंप दुपारी लावल्यापासून तो जवळजवळ गेला आहे, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत परत येईल. कारण…

इथे ती थांबली. पाण्याचा घोट घेतला.

कारण वाचनालयाची केबल नकाशाबाहेर चाळीस मीटर जास्त नेली आहे आणि त्या मानाने ती बारीक आहे. ही चूक बसवणाऱ्या इंजिनिअरची आहे.

कंपनीच्या साहेबांनी मान गर्रकन मागे वळवली. इंद्रजित उभा राहिला. चूक माझी आहे, मॅडमनी लिहिलं ते अक्षर न् अक्षर बरोबर आहे, तो म्हणाला. रामसिंगजींनी विचारलं, वाकडी काहून नेली? तो गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या भागीरथाबाईंना हे सहन झालं नाही. ट्रे ठेवून त्यांनी सांगून टाकलं, वाफ्यासकट, पोरींसकट, मशीनवाल्यासकट. वर विचारलं की साहेब, दर शनिवारी तुम्ही मेसमध्ये भरीत मागून खाता, ती वांगी कुठून येतात असं वाटते तुमाले?

रामसिंगजींचा तो ढगाळ चेहरा जरा हलला. त्यांनी दीपाचा कागद पुन्हा वाचला, सावकाश. मग म्हणाले की जी बाई चूक अशी नावानिशी लिहिते, तिचे बाकीचे आकडे मी तपासत बसत नाही. प्लेटा राहतील. कंपनीने स्वतःच्या खर्चाने जाड केबल टाकायची, आणि वाफ्याला हात न लावता. कंपनीच्या साहेबांनाही काहीतरी कडक बोलणं भाग होतं. त्यांनी इंद्रजितला जाहीर केलं की नागपुरातलं वर्धा रोडवरचं मोठं काम आता तुला मिळणार नाही, शिक्षा म्हणून वर्षभर इथेच देखभालीला राहायचं.

“वर्षभर?” इंद्रजितने विचारलं. त्याला चेहरा पाडायचा होता, पण तो काही केल्या पडेना. शेवटी त्याने बुटाची नाडी बांधायला मान खाली घातली. त्याने चपला घातलेल्या होत्या.

---

सोमवारी दुपारी पंप सुरू झाला. पुंडलिकराव पंपघराच्या दारात, त्या घरघरीत, तोंडावर टोपी ठेवून खुशाल झोपले होते. वाफ्याच्या कडेला नव्या केबलसाठी चुन्याची खूण मारायची होती. इंद्रजितने टेपचं एक टोक दीपाच्या हातात दिलं आणि तो मागे मागे जायला लागला. हवेत गारवा होता. मेसमधून फोडणीचा वास येत होता.

“तुम्ही माह्यावर चार ओळी लिहिल्या,” तो लांबून म्हणाला. “साहेबांनी मले त्याची नक्कल दिली. शनिवारपासून अकरा वेळा वाचली.”

“राग आला?”

“राग कायचा? मायले वाचून दाखवली. तिले त्यातलं काही समजलं नाही. मंग म्हणे, एवढं खरं लिहिणारी हाये कोण? तिले घेऊन ये एक दिवस.”

दीपाच्या हातातला टेप सैल झाला. तिने तो पुन्हा ताणला. हातांना काहीतरी काम हवं होतं.

“मंग तुम्ही काय म्हटलं?”

तो टेप गुंडाळत गुंडाळत पुढे आला. एक एक मीटर. अगदी समोर येऊन थांबला, तेव्हा दोघांत टेपचा वीतभर तुकडा राहिला होता.

“म्हटलं, विचारून सांगतो.” आता त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. “मले तुम्ही आवडता, दीपा. पॅनलसमोर पहिल्या दिवशी आवडल्या, घास अडकला तेव्हाच. पण बैठकीच्या आधी बोललो असतो तं ते तुमच्या कागदावर ओझं झालं असतं. आता कागद गेला. आता सांगा… याल का?”

दीपाने वळून बघितलं. भागीरथाबाई मेसच्या दाराशी मुद्दाम तांदूळ निवडत होत्या, आणि तांदळाकडे त्यांचं अजिबात लक्ष नव्हतं. वसतिगृहाच्या खिडकीत दोन वेण्या हलल्या. एरवी ती घाबरली असती. आधी सगळे आवाज ऐकले असते, मग सगळ्या नजरा मोजल्या असत्या.

“आता मले कोणी म्हणू शकत नाही,” ती सावकाश म्हणाली, “का हिनं त्याच्या बाजूनं लिहिलं म्हणून.”

“नाही म्हणू शकत.”

“मंग… आता त्याच्या बाजूनं उभं राह्यलं तं चालते.”

आणि ती दोन पावलं चालून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, वाफ्याकडे तोंड करून, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.

“अजून थोडं इकडं,” इंद्रजित कुजबुजला. “तुम्ही मिरचीवर उभ्या हाये.”